उसना श्वास

शलाका पाटणकर पोळ्या लाटत होती आणि लाटता लाटता कुणा अनोळखी माणसाचा राग अंगात मुरवत होती. तिच्या गळ्यात बोटभर रुंदीची करडी श्वासपट्टी होती. पट्टी बारीक ठोके द्यायची, तसा तिचा श्वास आखूड व्हायचा, जबडा आवळला जायचा आणि पोळी बिचारी कडेला फाटायची. आज रागाची पाळी असेल तर मी बाहेरच जेवतो, असं सांगून नवरा डबा न घेताच ऑफिसला सटकला होता.

श्वासपट्टी मुळात पक्षाघाताच्या रुग्णांना पुन्हा गिळायला आणि बोलायला शिकवण्यासाठी निघाली. एका माणसाच्या गळ्यातले ताण, श्वासाची लय आणि नाडी ती टिपून ठेवते. दुसऱ्याच्या गळ्यात बांधली की तेच ताण त्याच्या स्नायूंना सुचवत राहते. शरीर पुढे गेलं की भावना मागोमाग येते, हे नटांना पूर्वीपासून ठाऊक होतं. आता यंत्रालाही कळलं, एवढंच. चाळीसेक वेळा सराव झाला की स्नायू शिकतात. मग पट्टी सोडायची, पोहायला शिकलेलं पोर पाठीचा भोपळा सोडतं तशी.

शलाका सांगलीत पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होती. एक्केचाळिसाव्या वर्षी तिने प्रौढांच्या नाट्यवर्गात नाव घातलं. तिथे पहिल्या वर्षी सगळ्यांचीच प्रगती होते. हातांचं काय करायचं ते कळतं, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, नातेवाईक कौतुक करतात. त्यापुढे गाडी अडते. शलाकाची गाडी दोन वर्षं तिथेच रुतून बसली होती. तिचं वाक्य चोख, उभं राहणं चोख, आणि वर्ग चालवणारे खोत सर म्हणायचे, "तू नोटीस फार छान वाचतेस." वर्ग हसायचा, तीही हसायची. घरी जाताना मात्र स्कूटरवर तिचे कान तापलेले असायचे.

यंदा स्पर्धेच्या नाटकात तिला मोठी भूमिका मिळाली. खाणीत अडकलेल्या नवऱ्याची वाट बघणारी बाई. शेवटी त्याचं प्रेत दारात येतं. वर्गाच्या भांडारात दुःखाच्या अकरा नोंदी होत्या, सगळ्या रीतसर संमती घेऊन टिपलेल्या. पण त्याच अकरा प्रत्येक संस्थेकडे होत्या. सावंतवाडीपासून गोंदियापर्यंतच्या नायिका एकाच बाईचं रडं रडत, आणि परीक्षक दुसऱ्या हुंदक्याला नोंदीचा क्रमांक सांगत. सरांनी बजावलं की नवी नोंद मिळाली तरच ही बाई उभी राहील, पण ज्याची घ्याल त्याला विचारून घ्या.

ती नोंद कुठे मिळेल हे शलाकाला माहीत होतं. तिची नणंद, हर्षदाताई, पलीकडच्या गल्लीत राहायची. ताईंची एकुलती एक मुलगी ईशा चार महिने हॉस्पिटलात काढून एकोणिसाव्या वर्षी गेली, त्याला आता वर्ष होत होतं. वर्षश्राद्धाच्या सकाळी शलाका ताईंकडे गेली. विचारायलाच गेले होते, असं ती पुढे स्वतःला सांगायची. ताई डाळ निवडत होत्या आणि मधूनमधून मान चोळत होत्या. शलाकाच्या तोंडून निघालं, "ताई, ही पट्टी घाला दिवसभर. मानेला आराम पडतो."

ताईंनी विश्वासाने मान पुढे केली. शलाकाने पट्टी बांधली. वर ताईच म्हणाल्या, "किती करतेस गं माझं."

ती नोंद अंगात घ्यायला शलाका पहिल्यांदा बसली तेव्हा दचकलीच. हुंदका कुठेच नव्हता. ओठ घट्ट मिटलेले, श्वास तीन घोटांत आत घेतलेला, मग बराच वेळ अडवलेला, आणि सोडताना इतका सावकाश, की उशाशी असलेल्यालाही कळू नये. हळूहळू तिच्या लक्षात आलं. ईशाच्या कॉटजवळ बसून, ईशाला ऐकू जाऊ नये म्हणून, ताई चार महिने अशा रडत होत्या. आता तेवढंच रडणं त्यांच्याकडे उरलं होतं.

शलाकाला स्वतःची किळस आली. तिने पट्टी कपाटात टाकली आणि दोन दिवस तिकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तालमीत सरांनी पुन्हा नोटिशीचा विनोद केला. त्या संध्याकाळी तिने कपाट उघडलं. चाळीस वेळा सराव झाला.

स्पर्धेच्या दिवशी तिच्या गळ्यात काही नव्हतं. प्रेत आलं. संहितेत किंकाळी होती, पण शलाका ओठ मिटून उभी राहिली. एक घोट, दुसरा, तिसरा. नाट्यगृहात माणसं खोकायची विसरली. विंगेत खोत सरांनी चष्मा काढला. आणि तिसऱ्या रांगेत, शलाकानेच दिलेल्या पासावर आलेल्या हर्षदाताईंचा हात सावकाश स्वतःच्या गळ्याशी गेला. शलाकाला तो दिसला. उरलेला प्रवेश तिने कसा केला ते तिला सांगता येणार नाही. अभिनयाचं पहिलं पदक तिला मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताईंकडे गेली. ताईंनी दार उघडलं, चहा टाकला. शलाकाने मान खाली घालून सगळं सांगितलं: मानेचं खोटं निमित्त, कपाट, तो चाळीस वेळांचा सराव. नोंद पुसून टाकली म्हणाली. पदक टेबलावर ठेवलं.

"ते उचल आधी," ताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझ्या ईशालासुद्धा कळू दिलं नव्हतं गं. काल सहाशे माणसांनी बघितलं."

शलाकाला रडू फुटलं. ते खरं होतं. लाजेने तिचं अंग जळत होतं. पण ओठ मिटले. एक घोट, दुसरा, तिसरा, आणि श्वास अडला. तिने तोंड उघडून मोठ्याने रडायची धडपड केली, पण गळा ऐकेना.

"थांबव," ताई म्हणाल्या.

"थांबवता येत नाहीये, ताई."

हे रडणं खरं की खोटं, हे ताईंना ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला आणि विचारलं, "याच्या आधी तू कशी रडायचीस?"

शलाका आठवू लागली. आई गेली तेव्हाचा दिवस आठवला, तेव्हाचं दुःख आठवलं. रडणं काही केल्या आठवेना. तिने पदराने तोंड पुसलं, आणि ज्यांना विचारायचा तिला सगळ्यांत कमी हक्क होता, त्यांनाच विचारलं, "ताई, ईशा गेली त्या दिवशी मी तुमच्याजवळच होते ना? मी कशी रडले होते?"