अकरा वलयं

खाणींच्या कित्वे शहरातल्या एका फाउंड्रीत कांड्या मोडायचं काम सोळा वर्षं बाना चोम्बाकडे, म्हणजे चोम्बाच्या आईकडे, होतं. लेक चोम्बा केव्हाच लग्न करून लुसाकाला गेली; आईला हाक मात्र अजून तिच्याच नावानं.

बिडाचा कुठलाही भाग ओतला की त्याच रसाच्या सहा कांड्या ओतायच्या, त्याच्याबरोबरच तापवायच्या, त्याच वितळलेल्या क्षाराच्या कढईत निववायच्या. मग मोडून बघायच्या. मोडलेलं तोंड खोटं बोलत नाही, असा तिचा विश्वास. एका घावात मोडलं तर साखरेसारखं चमकतं. हळूहळू ओढून तोडलं तर राखेसारखं मळकट. आणि दिवसेंदिवस हेलकावे खाऊन थकून मोडलं, तर आटत्या तळ्याच्या काठी पाणी खुणा सोडतं तशी वलयं उमटतात. दर दिवसाचं एक.

गुरुवारी चेनपुलीचा ब्रॅकेट मोडला आणि म्हातारा बा सांपा त्याखाली सापडून मेला. रोज सकाळी तो ब्रॅकेटला छोटी हातोडी मारून कान देत असे; शाबूत बीड घंटेसारखं वाजतं. अकरा दिवस सांगत होता, "हा उत्तर देत नाही रे." मुकादम चिसाला हसायचा, "बा सांपा, लग्नच लावून देऊ का तुमचं त्याच्याशी?"

मोडका ब्रॅकेट चिसालानं त्याच दुपारी भट्टीत टाकला. भंगार जमिनीवर राहू द्यायचं नाही, ही तिथली रीत. त्याच रसातून नवा ब्रॅकेट ओतला.

सोमवारी बा सांपाची बायको दारात उभी राहिली.

"जास्त ओझं लटकवून त्यानंच एका झटक्यात ब्रॅकेट तोडला म्हणतात. तुम्ही अहवालात तसं लिहिलंत तर कंपनीचं घर जाईल. त्याचं नाव तर त्याआधीच जाईल. तुम्ही बघून सांगा, बाना चोम्बा."

जुन्या ब्रॅकेटच्या तीन कांड्या बाना चोम्बाच्या ड्रॉवरात उरल्या होत्या. पहिली तिनं एका घावात मोडली. साखर दिसायला हवी होती. वलयं दिसली. मोजली, अकरा.

दुसरी ओढून तोडली. अकरा. तिसरी वाकवून मोडली. भिंग पुसलं, पुन्हा मोजलं. अकराच.

ह्या कांड्यांनी जन्मात वाटीभर ओझं उचललं नव्हतं.

"ड्रॉवरात पडल्या पडल्या थकल्या म्हणता?" चिसाला म्हणाला. "कुणी वाचलं तर आपल्या दोघांना वेड्यांच्या इस्पितळात टाकतील, बाना चोम्बा. एक झटका, लिहा. जेवायचं उबवाली निवतंय तिकडे."

तिनं लिहिलं. एका घावात कांडी मोडली होती, हे काही खोटं नव्हतं, असं स्वतःला समजावलं. जेवण मात्र गेलं नाही.

मंगळवारी नवा ब्रॅकेट टांगला. बुधवारी सकाळी तिनं त्याची पहिली कांडी मोडली.

एक वलय.

गुरुवारी दुसरी मोडली. दोन.

तिनं भिंग बाजूला ठेवलं. मग नवा कागद ओढून लिहिलं. ब्रॅकेट अकरा दिवस थकत होता, बा सांपानं अकरा दिवस सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही. सही केली. एक प्रत साहेबाच्या टेबलावर ठेवली, दुसरी त्या बाईच्या हातात दिली.

"घर राहील?" बाईनं विचारलं.

"त्यासाठी भांडू. नाव तर राहिलं."

मग बा सांपाची हातोडी घेऊन ती शिडीवर चढली आणि नव्या ब्रॅकेटला हलकेच मारली.

ठप्.

खाली सगळ्यांचे हात थांबले. कुणी हसलं नाही.

"उतरवा तो," चिसाला म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "आधी उतरवा."

त्या दिवशी बाना चोम्बा पोटभर जेवली.

शुक्रवारी सकाळी चेनपुली रिकामी लोंबत होती. खालची जमीन लख्ख झाडलेली.

"ब्रॅकेट कुठाय?"

"कुठाय म्हणजे?" चिसालाला नवल वाटलं. "भंगार ठेवतो का आपण जमिनीवर? कालच्याच रसात गेला."

"काल काय ओतलं?"

त्यानं हनुवटीनं दाखवलं. माणसं खाणीत उतरवायच्या पाळण्याची चाकं. चाळीस. साचे फोडून ओळीनं मांडलेली, अजून कोमट.

ती पहिल्या चाकाशी उकिडवी बसली. पदराआड जपून ठेवल्यासारखी कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या घडीत बा सांपाची हातोडी होती, ती काढली. वाळू झटकली.

ठप्.

ती दुसऱ्याकडे सरकली.