अंधारातले थेंब

टप्प… न्हाणीतल्या बादलीत थेंब पडला आणि घरातली शांतता मोडली. राजेश्वरी दचकली. आज नळाला पाणी येणार म्हणून तोटी उघडीच ठेवलेली. हातातल्या मोबाईलवर शिवानंदचा कालचा मेसेज होता — ‘सोमवारी बिदरला रुजू व्हायचंय. तुम्ही दोघी कायमच्या माझ्यासोबत येणार का, तेवढं सांगा.’

सकाळपासून ती उत्तर लिहीत होती, पुसत होती. तिचं मन कधीच ‘हो’ म्हणून बसलेलं… पण पाच वर्षांच्या लेकीला, दीपूला कसं सांगायचं?

टप्प… टप्प…

दोन वर्षांपूर्वी सोलापूरहून येणाऱ्या एसटीत शिवानंदची गाठ पडली. तिच्या कडेवर पेंगलेली दीपू, हातात प्रयोगाच्या सामानाचा, बर्फ भरलेला डबा. शेजारच्या अनोळखी माणसानं न विचारताच तो मांडीवर घेतला. “कुल्फी असंल तर एक मला ठेवा,” म्हणाला. मांड्या बधिर झाल्या, तरी धाराशिव येईपर्यंत त्यानं डबा खाली टेकवला नाही. उतरताना कळलं, तो तिच्याच कॉलेजात, तिच्याच रसायनशास्त्र विभागात शिकवायला आलाय. नवरा गेल्यापासून माणसांशी अंतर राखून वागणारी राजेश्वरी त्या दिवशी घरी जाताना एकटीच हसत होती.

ऑक्सिजनचं एक उतावळं, चपळ रूप असतं, सिंगलेट ऑक्सिजन. बहुतेक जण ते उजेडाच्या मदतीनं तयार करतात. राजेश्वरी ते पेरॉक्साइडमधून, मॉलिब्डेट नावाचा क्षार चिमूटभर घालून काढायची. पेरॉक्साइड थेंबाथेंबानं सोडलं तर द्रावण नारिंगी राहतं आणि काम साधतं. घाई केली की ते तांबूस-तपकिरी होऊन सुस्तावतं. यात उजेडाचा हात नाही, हे दाखवणारा शेवटचा प्रयोग आज राहिला होता. काळोख्या खोलीतला.

बालवाडीला सुट्टी, म्हणून दीपूही बरोबर प्रयोगशाळेत आली. डोळ्यांवर भला मोठा चष्मा, दाराजवळचं लांबचं स्टूल, आणि दोन्ही हात मांडीवरच ठेवायचे अशी अट.

शिवानंदनं दार लावलं. डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. चंबू हलवायचं काम त्याचं, पेरॉक्साइडच्या नळीची तोटी तिच्या हातात.

“रंग तर दिसणार न्हाय, मॅडम. थेंब कशाच्या चालीवर सोडणार?”

“आमच्या न्हाणीतल्या नळाच्या.”

“व्हय? मग त्यो नळ ऐकायला एकदा घरी बोलवा की.”

“सर… थेंब चुकंल.”

थेंब पडत राहिले. मग तो हळूच म्हणाला, “काल म्या सगळं एकदम विचारलं. घाई झाली. आज एवढंच सांगा… म्या गेल्यावर तुमचा डबा कोण धरणार?”

तिला वाटलं, तोटी सगळीच सोडून द्यावी. पण बोटं चालीवर राहिली… टप्प… आणि दुसरा हात अंधारात चाचपत निघाला. आधी त्याची बाही लागली, मग बोटं. त्यानं ती घट्ट धरली.

“हात लई गार पडलाय,” तो पुटपुटला.

दाराजवळ स्टूल कुरकुरलं.

“आई, माझे दोन्ही हात तर माझ्या मांडीवरच हायेत… मग काकांनी कुणाचा हात धरलाय?”