वाटाड्या

ओर्नेला टाशोनेच्या टेबलाला स्टुडिओत सगळे 'बॉयलरचा शेजार' म्हणत. स्टुडिओ म्हणजे कॅनडातल्या हॅमिल्टनमधली एक जुनी कापडाची गिरणी. वरच्या मजल्यावर भिंतभर खिडक्या होत्या आणि तिथे चित्रवाले बसत. आंधळीला खिडकी घेऊन काय करायचंय, असा हिशेब करून ओर्नेलाला तळमजल्यावर पाइपांच्या गर्दीत जागा दिली होती. तिची काही तक्रार नव्हती. नोव्हेंबरात सरोवरावरून वारं सुटलं की वरची मंडळी मफलर गुंडाळून कुडकुडत, आणि ही खाली स्वेटर काढून ऐसपैस बसे.

काम म्हणाल तर जुन्याच एका गेमला नवं रूप द्यायचं होतं. गेमचं नाव 'ब्लॅक पियर'. चोरटी दारू, बंदरावरच्या टोळ्या, गालाला गाल लावून भेटणारी आणि पाठ वळली की गोळी घालणारी माणसं. वीसेक वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा आला तेव्हा ओर्नेलाचा भाऊ रिनो खेळायचा आणि ही शेजारी बसून "आता काय झालं? आता कोण आलं?" करून त्याचं डोकं खायची. आता नव्या गेममध्ये चित्रवाल्यांनी कमाल केली होती म्हणे. ओल्या रस्त्यावर दुकानांचे दिवे सांडलेले दिसत, जेवताना शर्टावर उडालेला टोमॅटोचा रस्सासुद्धा दिसे. हे सगळं तिच्या कानावर आलेलं, म्हणून 'म्हणे'.

तिचा स्वतःचा जीव गुंतला होता वाटाड्यात. ज्यांना दिसत नाही त्यांना हा गेम एकट्याने खेळता यावा म्हणून केलेली ती सोय. कंट्रोलरवरचं एक बटण दाबलं की वाटाड्या बोलायचा. शब्द मोजकेच होते: दार, खुर्ची, जिना, माणूस, बाई, समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे, जवळ, लांब. तेवढ्यावर आख्खं शहर फिरता येई. आवाज ओर्नेलाचाच होता. एखादी नटी आणू आणू म्हणता तिनेच एका दुपारी ते शब्द शांतपणे, एकेक करून बोलून दिले होते, आणि तेच कायम झाले.

थंडर बे या लांबच्या गावात राहणारी आइली कोस्केला या वाटाड्याच्या नावाने जप करत बसली होती. ब्रँटफर्डच्या अंधशाळेत दोघी एका खोलीत वाढल्या. आइलीचा नवरा तिच्यासाठी टीव्ही, रस्ता, आभाळ, सगळं वाचून दाखवायचा. तो गेल्यापासून समोर काय आहे ते सांगणारं तिच्या घरात कुणी उरलं नव्हतं.

"मी मसणात जायच्या आत बाहेर काढ गं तो गेम," ती फोनवर म्हणे. "मला एकदा तरी दुसऱ्याच्या हाताला न धरता गुंडगिरी करायचीय."

"काढते, शब्द देते तुला," ओर्नेला म्हणाली होती. असा शब्द ती सहसा कुणाला देत नसे.

गेम बाहेर पडायला थोडेच दिवस राहिले होते. सोमवारी दुपारी ती जेवणाचा प्रसंग तपासत होती. गेममधला हा सगळ्यात नावाजलेला प्रसंग. खानावळीच्या मागच्या खोलीत टोळीतले पुरुष लांबलचक टेबलाला बसून जेवतात, हसतात, आणि जेवण संपायच्या आत त्यांच्यातला एक जण मरायचा असतो. खेळणाऱ्याने स्वयंपाकघरातून आत शिरायचं, टेबलाला वळसा घालायचा आणि आपल्या खुर्चीत बसायचं. ओर्नेलाने हेडफोन चढवले. काट्या-चमच्यांची किणकिण झाली, कुणी खाकरलं, वाइनचं बूच निघालं. बटण दाबत दाबत तिने खुर्ची गाठली, बसली, आणि सवयीने आणखी एकदा बटण दाबलं.

"माणूस. मागे. जवळ."

तिने डेस्मंड यूनला हाक मारली. वाटाड्याचा प्रोग्रामर तोच. बटाट्याचे चिप्स कुरकुरत तो तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"डेस, माझ्या खुर्चीमागे कुणाला उभं केलंयस?"

"मी? कुणालाच नाही. तुझ्यामागे भिंत आहे. भिंतीवर मेरीमातेची तसबीर. खल्लास."

"मग हा बोलतोय कुणाबद्दल?"

त्याने ऐकलं. मग हसून पाकीट टेबलावर ठेवलं. "अगं, जुन्या गेममधला कुणीतरी राहिला असेल. वरचे लोक माणूस काढून टाकत नाहीत, नुसता दिसेनासा करतात. एक नंबरचे आळशी. वाटाड्या चित्र थोडंच बघतो? चित्राच्या आत काय ठेवलंय ते तो चाचपतो. उद्या काढतो मी त्याला."

ओर्नेलाला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

मंगळवारी डेस्मंड जेवायला गेला नाही. संध्याकाळी खाली आला तेव्हा चिप्सची कुरकुर नव्हती.

"तिथे कुणीही नाही," तो म्हणाला. "जुनं नाही, नवं नाही. मी भिंत काढली. मागे काही नाही. टेबल काढलं, माणसं काढली, खोलीच काढली. नुसती तुझी खुर्ची ठेवली आणि बटण दाबलं."

"मग?"

"तूच दाब."

तिने दाबलं. या वेळी हेडफोनमध्ये ना चमच्यांची किणकिण होती, ना कुणाचं खाकरणं. पोकळीसारखी शांतता होती, आणि तिच्यात तिचाच आवाज.

"माणूस. मागे. जवळ."

डेस्मंडने माणसं वगळून नुसती खोली आणि टेबल परत जागेवर ठेवलं आणि घरी जातो म्हणाला. त्याने 'उद्या बघू' म्हटलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच त्या खोलीत शिरली. या वेळी खुर्चीत न बसता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. बटण दाबलं. "माणूस. समोर. लांब." तिने कंट्रोलर खाली ठेवला, थर्मासमधली कॉफी ओतली, सावकाश संपवली. पुन्हा दाबलं. "माणूस. समोर. लांब." तो जागचा हलला नव्हता. मग तिने बटण भराभर दाबलं.

लांब. उजवीकडे, लांब. उजवीकडे, लांब. उजवीकडे, जवळ.

तो वाटाड्या बोलला की येत होता, आणि गप्प राहिला की थांबत होता.

तिने पुन्हा जागा बदलली, पुन्हा दाबत राहिली. तो टेबलाला कापून सरळ कधीच येत नव्हता. भिंतीने जाई, कोपऱ्याशी थबके, मग पुढची भिंत धरी. हे चालणं तिच्या ओळखीचं होतं. ब्रँटफर्डच्या शाळेत नवं आलेलं पोर व्हरांड्यातून असंच भिंतीला हात लावून चालायचं. तीही चालली होती.

तिने हेडफोन काढले. बॉयलरची घरघर तिला कधी नव्हे इतकी बरी वाटली. डेस्मंडला हे सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात ट्रूडी कोवालचुक जिना उतरून आली. गेमची सगळी सूत्रं ट्रूडीच्या हातात होती. बाई मनाने वाईट नव्हती, पण गेले कित्येक आठवडे ती धड झोपलेली नव्हती.

"ओर्नेला, वर सगळं तयार आहे," ती म्हणाली. "आणि खाली काय ऐकते, तर तुझा वाटाड्या रिकाम्या भिंतीला माणूस म्हणतोय! लोक हसतील गं. शुक्रवारी तो नीट नसेल तर काढून टाकू. पुढच्या गेमला बघू."

"पुढच्या गेमला?"

"मलाही वाईट वाटतंच की."

पुढच्या वेळी बघू. शाळेच्या नाटकापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत ओर्नेलाने हे इतक्यांदा ऐकलं होतं की तिच्या डोक्यात तिडीक गेली. आइलीचा हसरा आवाज कानात होता. ट्रूडीची पावलं जिन्यावर विरली तशी तिने डेस्मंडला बोलावून घेतलं.

"एक नियम घाल," ती म्हणाली. "पडद्यावर ज्याचं चित्र नाही, त्याचं नाव वाटाड्याने घ्यायचं नाही."

डेस्मंड खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला.

"म्हणजे दिसत नाही ते नाहीच?" तो म्हणाला. "हे तू सांगतेयस?"

"हो, मीच सांगतेय. घाल तो नियम."

सांगताना तिला स्वतःची लाज वाटली. पण त्या लाजेपेक्षा ते 'पुढच्या वेळी' तिला जास्त झोंबत होतं.

शुक्रवारी ट्रूडीला मागे आणि डेस्मंडला शेजारी उभं करून तिने जेवणाचा प्रसंग पहिल्यापासून खेळून दाखवला. दार, खुर्ची, डावीकडे माणूस, उजवीकडे माणूस. खुर्चीत बसून बटण दाबलं, तर मागचं काही वाटाड्या बोलला नाही. ट्रूडीने तिच्या पाठीवर थाप मारली आणि वर पळाली. ओर्नेला कंट्रोलर ठेवणार, एवढ्यात हेडफोनमधून आवाज आला. तिचं बोट बटणावर नव्हतं.

"बाई. लांब."

"डेस, या खोलीत कुणी बाई आहे?"

"छे! सगळे बाप्ये." मग जरा थांबून तो म्हणाला, "ती तसबीर आहे ना मेरीमातेची. तिलाच म्हणत असेल. ओर्नेला, जाऊ दे ना आता."

तिने जाऊ दिलं.

गेम बाहेर पडला आणि गाजला. ओल्या रस्त्यांचं कौतुक झालं, चेहऱ्यांचं झालं. वाटाड्याबद्दलही चार ओळी चांगल्या लिहून आल्या. डिसेंबरातल्या एका सकाळी ओर्नेला घरी टोस्टला लोणी लावत होती आणि फोन वाजला. आइली होती. तिच्या आवाजातून आनंद नुसता उतू जात होता.

"बसले गं बये, मी त्या खुर्चीत बसले! स्वयंपाकघरातून आत शिरले, वळसा घातला आणि बसले. कुणाच्या हाताला धरलं नाही. जेवले पण!"

ओर्नेलाचे डोळे भरून आले. आइली सगळी गोष्ट सांगत सुटली, कोण मेला, कुणी मारलं, तिने स्वतः कुणावर गोळी झाडली. पलीकडे कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग कॉफीचा डबा खडखडला.

"फक्त एक बारीकशी तक्रार आहे हं," आइली म्हणाली. "तुमच्या त्या पोराला सांग दुरुस्त करायला. गेम बंद केला तरी तुझी टकळी चालूच राहते. काल वायर उपटली भिंतीतून, तरी घरात बोलतेयस. काल आपली 'बाई, लांब' एवढंच म्हणत होतीस. आज सकाळपासून नुसता पिच्छा पुरवलायस."

ओर्नेलाच्या हातातली सुरी थांबली. "काय म्हणतेय मी?"

"ऐक ना, आत्ताच बोलशील."

ओर्नेलाने फोन कानाशी घट्ट धरला. लांबून, आइलीच्या घरातून कुठूनतरी, ओर्नेलाचा शांत आवाज फोनमध्ये आला.

"बाई. डावीकडे. जवळ."

"ऐकलंस?" आइली हसली.

"आइली, तू कुठे उभी आहेस?"

"ओट्याशी. कॉफी करतेय."

"तिथून सरक."

"का गं?"

"सरक म्हणते ना!"

सपाता फरफटत गेल्या. आइली खिडकीकडे गेली असावी, कारण बाहेरचा बर्फ खरवडणारा ट्रक आता मोठ्याने ऐकू येऊ लागला.

"बाई. समोर. जवळ."

"अगं हुशार, सरकले तर तेही बरोबर सांगतेस!" आइलीला हसू आवरेना. "पण मला कशाला सांगतेस? मी कुठे आहे ते मला ठाऊक आहे की!"

म्हणजे वाट दुसऱ्याच कुणाला तरी सांगितली जात होती. 'माणूस' हा शब्द त्या घरात आता कुणी उच्चारणार नव्हतं. तो तिनेच पुसायला लावला होता.

"आइली, बाहेर पड," ती ओरडली. "कोट राहू दे, बूट राहू दे. आत्ताच्या आत्ता दाराबाहेर जा!"

"एवढ्या बर्फात? वेड लागलंय का तुला?" आइली म्हणाली. "आणि थांब जरा, पॅसेजमध्ये काय चाललंय बघते. भिंतीवरचे फोटो पडतायत गं. एकामागून एक."