पहिल्या रांगेतला प्रॉम्प्टर

एडिनबराच्या ट्रामस्टॉपवर, काचेच्या आडोशाला पाऊस चुकवत, स्वराली हळू आवाजात भाषण घोकत होती. घोकता घोकता तिसऱ्या वाक्याला अडली, मराठीत स्वतःलाच रागावली... आणि शेजारच्या उंच मुलानं ते पूर्ण केलं. अगदी शब्दाला शब्द, इंग्लिशमध्ये. मग मराठीत म्हणाला, "सॉरी... तीन दिवस ऐकतोय. माझंच पाठ झालं."

तो वरद, नागपूरचा, इथल्या हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट. लाजावं की चिडावं हे स्वरालीचं ठरेपर्यंत ट्राम निघून गेली.

भाषण होतं सिग्ने हाल्व्होर्सेनवर. शंभर वर्षांपूर्वीच्या या नॉर्वेजियन नटीनं वीस वर्षं रंगभूमी गाजवली, आणि वीस वर्षं रोज प्रवेशाआधी ती थरथर कापली. रंगमंचापुढच्या खोक्यात बसलेला प्रॉम्प्टर पुढचं वाक्य कुजबुजला, की मग तिचा जीव भांड्यात पडे. मूकपट आले तेव्हा ती सुखावली; तिथं आवाजाची भानगडच नव्हती. चित्रपट बोलू लागले आणि बाईंनी काम सोडलं.

स्वरालीचंही तेच दुखणं. मागच्या वेळी व्यासपीठावर तिची दातखीळ बसली होती. शुक्रवारच्या या भाषणात पुन्हा तसंच झालं, तर फिल्म अर्काइव्हमधली नोकरी पक्की होणार नव्हती. व्हिसा संपला की परत पुणे.

"मी पहिल्या रांगेत बसतो, स्क्रिप्ट घेऊन," सगळं ऐकून वरद म्हणाला. "अडलीस की हळूच सांगेन. फी एक कॉफी."

"आणि तूच अडलास तर?"

"मी? नेव्हर."

शेवटचं पान मात्र तिनं शुक्रवारी, हॉलमध्येच त्याच्या हाती दिलं.

हॉल भरला. दोनदा ती अडली, दोनदा वरदचे ओठ हलले आणि गाडी पुढे सरकली. मग शेवटचं वाक्य आलं. ते तिला पाठ होतं — म्हणायचं धैर्यच होईना. तिनं वरदकडे पाहिलं. त्यानं पानाकडे पाहिलं, कानापर्यंत लाल झाला, आणि... उघडलेले ओठ त्यानं पुन्हा मिटले.

आपल्याहून घाबरलेलं माणूस स्वराली पहिल्यांदाच बघत होती. तिची भीती कुठल्या कुठे पळाली. त्याच्याकडे बघतच तिनं खणखणीत आवाजात सांगून टाकलं, की सिग्नेनं पुढे लग्न केलं ते त्या प्रॉम्प्टरशीच.

टाळ्या झाल्या. बॉसनं सोमवारी पक्क्या नोकरीच्या करारावर सही करायला बोलावलं.

ट्रामस्टॉपवर अजून पाऊस होता. "अडलास ना?" तिनं विचारलं.

"वाक्य दिसत होतं गं... म्हणायची भीती वाटली. स्वराली, मला तू..."

तो पुन्हा अडला. ती टाचा उंचावून त्याच्या कानाशी कुजबुजली, "आवडतेस."

"आवडतेस," वरद म्हणाला.