गुरुवारचं तेल

पोरांनो, चुलीजवळ सरका. आपल्या वरच्या आळीतल्या उल्कानने एक नवस केला होता. तिचा नवरा कादिर हिमाच्या लोंढ्याखाली गडप झाला, देह काही सापडला नाही. तेव्हा तिने अल्लाला शब्द दिला, माझा पोरगा तुरात डोंगरातून आपल्या पायांनी घरी येऊ दे. मी दर गुरुवारी दिवस बुडायच्या आत सात पोळ्या तेलात तळीन अन् वास कादिरच्या नावाने सोडीन. गेलेल्यांची भूक वासानेच भागते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

गेल्या वर्षी चिल्ल्याची चाळीस दिवसांची थंडी निम्मी सरली तरी हिमाचा कण पडला नाही. बर्फावर घसरायला येणारे फिरकले नाहीत. तुरात वाटाड्याचं काम करी. त्याला शहरातले दोघे पाहुणे मिळाले, त्यांना वरच्या तळ्यापर्यंत पायी जायचं होतं. अमावास्या होती, अन् वार गुरुवार. निघताना परातीतलं पीठ बघून तो म्हणाला, "आई, आज तेल वाचव. डोंगर आपल्या इमामासारखा टकला झालाय. कोसळायला वर आहे काय?"

"इमामाला सोड रे मेल्या," म्हणत ती हसली. अन् तिलाही ते पटलं. कढई खुंटीलाच राहिली.

दिवस बुडाला. तुरात आला नाही.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. हिम असलं की माणसांच्या पावलांनी वाट पडते, अंधारातही ती पायाला कळते. उघड्या दगडांवर वाट कुठली? शिवाय झऱ्यांचं पाणी गोठून कडे काचेसारखे झालेले. तिने कढई चढवली. माझं चुकलं, माझं चुकलं, असं पुटपुटत एकेक पोळी सोडली.

सातवी फुगली, तेव्हा फाटक वाजलं.

तुरात होता. मागे दोघे पाहुणे, पांढरेफटक.

"आई... आज उशिरा तळलंस?"

तिने तिघांना आत घेतलं.

मग त्याने सांगितलं. बॅटऱ्या गारठून विझल्या. वाट चुकली. पुढे कडा होता. अन् तिथे, इतक्या लांब, तेलाचा वास आला... मग पुढे कुणीतरी चालताना दिसलं. पाठमोरं. खाली कोरडे दगड. पण तो गुडघे वर उचलत होता. कमरेइतक्या हिमातून चालावं तसा. धापा टाकत. हाक मारली... वळला नाही. त्याच्या मागोमाग आलो. आपल्या फाटकापर्यंत.

"कोण होता?" एका पाहुण्याने विचारलं.



उल्कान दार लावायला गेली. उंबऱ्यावर बोटभर ताजं हिम होतं. साऱ्या खोऱ्यात नव्हतं, ते तिथे होतं. त्यात मोठ्या बुटाचा एक ठसा. टोक घराकडे. परत जाणारा ठसा नव्हता.

तिने ते झाडलं नाही. आत येऊन चौघांच्या ताटांशेजारी पाचवं मांडलं.

आजही गुरुवारच आहे. घरी गेलात की आईला म्हणा, कढई चढव. हिम पडो, न पडो. कुणाचं ना कुणाचं पोर अजून वर असेल...