चौथी ओळ

धाकट्या बहिणीच्या घरातली मागची खोली सगळ्यात लहान होती, पण घरातलं सगळं कौतुक तिचंच. भिंतींना फोमच्या जाड लाद्या, खिडकीला दुहेरी काच, दाराच्या कडेला रबराची पट्टी. दार लावलं की कानांत कापूस कोंबल्यासारखं व्हायचं आणि आपलाच आवंढा आपल्याला ऐकू यायचा. मधोमध माईक, त्यापुढे स्टूल. कोपऱ्यात, टेबलाला लागून, छातीइतका उंच लोखंडी रॅक. त्यात एकावर एक स्क्रूनं बसवलेले काळे-करडे डबे. त्यांना बटणं, नॉब, दिवे, आणि मागे केसांच्या गुंत्यासारख्या तारा.

हा सगळा संसार भाऊजींनी जमवलेला. ते दिवसा नोकरी करायचे आणि उरलेला वेळ रॅकपुढे घालवायचे. कुठला स्टुडिओ बंद पडतोय असं कानावर आलं की तिथून एखादा जुना डबा उचलून आणायचे, पुसायचे, आतलं काय ते बदलायचे.

"माझी सवत आहे ती," बहीण म्हणायची. "माझा वाढदिवस विसरेल, पण हिचे नॉब पुसायला कधी चुकायचा नाही."

बहिणीला घरात सगळे ‘रेडिओ’ म्हणतात. लहानपणी ती झोपेतसुद्धा बोलायची, म्हणून वडिलांनी ठेवलेलं नाव. पुढे तिचं पोटही आवाजावरच चाललं. पुस्तकं वाचणं, चित्रपटातल्या बायकांना आवाज देणं. तिचा आवाज भरदार आणि स्वच्छ. फोनवर नुसतं ‘बोल’ म्हणाली तरी समोरचा सावरून बसायचा.

मी राहायला गेले तेव्हा तो आवाज खरखरायला लागला होता. घशात गाठ होती. शस्त्रक्रिया ठरली होती आणि तीत स्वरयंत्र काढावं लागणार, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. जिवाचं त्या ‘बघू’ म्हणाल्या. आवाजाचं काही बघण्यासारखं नव्हतं.

भाऊजींनी त्यातूनही एक वाट काढली होती. पुरेशी वाक्यं ध्वनिमुद्रित करून ठेवली तर पुढे संगणक त्याच आवाजात बोलतो. ती टाइप करणार आणि तिचाच आवाज बाहेर येणार. म्हणून रोज जमेल तेवढी वाक्यं वाचायची. भाऊजींना कामावरून पुढे रजा लागणार होती, तेव्हा आत्ता दिवसा टेबलाशी मी बसायचं ठरलं.

"ताई, तुम्हाला दोनच डबे कळले तरी पुरे," ते म्हणाले. "हा वरचा. आवाज आत आला की हिरवे दिवे लागतात. आणि हा खालचा, कंप्रेसर. आवाज जास्त चढला की हा त्याला खाली दाबतो. जितका दाबला तितकी ही काचेआडची सुई डावीकडे झुकते. म्हणजे आधी दिवा, मग सुई. आवाज आलाच नाही, तर हा बिचारा दाबणार काय?"

हे मी नीट लक्षात ठेवलं.

माझा एक नेम आहे. सकाळी उठल्यावर कुणाशीही बोलायच्या आधी पाठ म्हणायचा, मोठ्यानं. तीन ओळी एका सुरात, चौथी चढ्या आवाजात, असं एकेक कडवं. आणि म्हणून झाल्यावर काही मागायचं नाही. घरच्यांची झोप मोडू नये म्हणून मी त्या मागच्या खोलीतच बसू लागले. यंत्रं गरम असली की आवाज गोड येतो, असं भाऊजींचं म्हणणं, त्यामुळे रॅक सदा चालूच असायचा. माझ्या तीन ओळींना सुई तीनदा किंचित झुकायची आणि चौथीला चांगली खाली जायची.

"तुझ्या देवाला माझी सवतसुद्धा नमस्कार करते," रेडिओ म्हणाली.

पहिल्याच सकाळी तिथून उठताना माझ्या तोंडून निघून गेलं, ‘हिचा आवाज राहू दे.’ इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा काही मागितलं. जीभ चावली, पण शब्द गेले ते गेले.

वाक्यं मोठी गमतीची होती. दार लावून घे. मला थोडं पाणी हवंय. मला तुमचा राग आला आहे.

"असं कोण बोलतं गं?" रेडिओ खोकत हसली. "मला राग आला की मी सरळ भांडं आपटते. त्याचं एक ध्वनिमुद्रण करून ठेव."

असंच एक वाक्य चाललं असताना मला दिसलं. तिनं तोंड उघडायच्या जरा आधी सुई झुकली. हिरवा दिवा मागाहून लागला.

तिनं श्वास घेतला असेल, असं मी समजले. पुढच्या वाक्याला तिला श्वास रोखून बसायला लावलं. सुई झुकली, मग ती बोलली, मग दिवा लागला.

संध्याकाळी भाऊजींना सांगितलं. ते हसले. "ताई, सुईला भविष्य कळत नसतं." तरी त्यांनी तार बदलली आणि रेडिओला स्टुलावर बसवलं. तिनं चार वाक्यं वाचली. भाऊजी हसायचे थांबले. पाचवं त्यांनी वाचायला सांगितलंच नाही.

दिवसागणिक सुई पुढे पुढे जाऊ लागली. आधी एका श्वासानं, मग एका वाक्यानं. रेडिओ पाणी पीत असायची, दिवे विझलेले असायचे आणि सुई एकटीच झुकत असायची, दोन लहान, एक मोठा झोका. मग ती ग्लास ठेवून वाचायची आणि तिचे शब्द त्याच झोक्यांवर चढत जायचे, पायऱ्या चढावं तसे.

"आज मी फसवतेच तिला," ती एकदा म्हणाली. "कुठलं वाक्य घेणार ते मलाच ठाऊक नाही, तर तिला काय कळणार?"

मी सुईकडे बघत होते. दोन लहान झोके आले आणि सुई सरळ उभी राहिली. रेडिओनं डोळे मिटून संगणकाच्या पडद्यावरच्या यादीवर बोट ठेवलं. बोटाखाली मोठं लांबलचक वाक्य आलं होतं.

"आज सकाळी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. खोकला नाही, काही नाही. नुसता वारा बाहेर येत राहिला. त्या दिवशी तिला पुन्हा बोलता आलं नाही.

दुरुस्तीवाल्यानं डबा नेला आणि त्याच संध्याकाळी परत आणून दिला. भाऊजींचा जुना ओळखीचा माणूस, नेहमी चहा घेतल्याशिवाय न हलणारा. आज दारातच उभा.

"आत सगळं ठीक आहे," तो म्हणाला.

"मग सुई?"

"मी काही जोडलंच नव्हतं. आत ना बाहेर. नुसती वीज दिली होती. तरी दुपारी बराच वेळ हलत होती."

"कशी?" मी विचारलं.

त्यानं हवेत बोट धरलं. तीनदा थोडं झुकवलं, चौथ्यांदा चांगलं खाली नेलं. पुन्हा तीनदा थोडं.

"अजून एकदा बघ ना घेऊन जाऊन," भाऊजी म्हणाले.

"नको. जिथली वस्तू तिथंच बरी." आणि तो जिना उतरून गेला.

दुसऱ्या सकाळी त्या खोलीत बसून पाठ म्हणताना माझ्या अंगावर काटा आला. पण मी तो पुरा केला.

भाऊजींनी तो डबा काढून टाकायचं म्हटलं. रेडिओनंच ऐकलं नाही. "अर्धी वाक्यं ह्यातून गेलीत आणि उरलेली दुसऱ्यातून घेतली तर आवाज दोन बायकांचा वाटेल," ती कुजबुजली. आता ती कुजबुजतच होती. आहे तेवढ्या आवाजात जमेल तेवढं वाचत होती. दिवा कसाबसा एखादा लागायचा. सुई आता पुरा एक दिवस पुढे गेली होती. आदल्या दिवशी त्याच वाक्यांना तीही तशीच, ताप आलेल्या माणसाच्या बोटासारखी, जागच्या जागी थरथरून गेलेली असायची.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी वाक्यं संपली नव्हती, पण भाऊजींनी माईकवर कापड घातलं. "पुरे झालं आता," ते म्हणाले आणि तोंड धुवायला गेले, ते बराच वेळ आले नाहीत. रेडिओ बाहेर कपड्यांची बॅग भरत होती. मी त्या खोलीतला केर काढत होते.

सुई हलली.

तीन लहान, एक मोठा. माझाच पाठ, उद्याचा. मी केरसुणी हातात धरून उभी राहिले. कडव्यामागून कडवं चाललं होतं, रोजच्यासारखं, न अडखळता. मी मनात ओळी म्हणू लागले. माझ्या उद्याच्या सकाळबरोबर मी आज म्हणत होते.

तीन लहान झोके आले. चौथा आला नाही.

मी वाट पाहिली. सुई सरळ उभी होती. माझा पाठ कधी मधे सुटलेला नाही. तापात नाही, वडील गेले त्या सकाळीही नाही.

मग, थोड्या वेळानं, सुई पुन्हा झुकली. दोनदा. माझे झोके नव्हते ते. एक छोटा पण खोल, एक त्याहून खोल. थरथर अजिबात नाही. मी आले त्या आठवड्यातसुद्धा ती सुई इतकी खाली गेली नव्हती. हा आवाज कुणाचा ते मला सांगायला नको होतं. खरखर यायच्या आधीचा, ‘बोल’ म्हणणारा.

त्यानंतर सुई हलली नाही. मी पुष्कळ वेळ बसून राहिले.

मी कुणाला सांगितलं नाही. स्वयंपाकघरात बसावं, असं मनात आलं. किंवा उद्यापुरता नेम मनातल्या मनात म्हणावा. देव काही रागावला नसता. पण मग ते पुढचे दोन झोके? माझी चौथी ओळ आली, तर ते आले असते का?

रात्री रेडिओ माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "ताई, उद्या दार उघडं ठेवून म्हण. पडल्या पडल्या ऐकेन. मग तिकडे दवाखान्यात कोण म्हणणारंय माझ्यासाठी?"

सकाळी मी अंघोळ करून मागच्या खोलीत गेले. बाहेर बॅग दाराशी ठेवलेली होती. भाऊजी गाडी बघायला खाली गेले होते. मी दार उघडं ठेवलं. माईकवरचं कापड काढलं. ते का काढलं, मला सांगता येणार नाही.

सुईकडे पाहायचं नाही, असं ठरवलं होतं. मी वरच्या हिरव्या दिव्यांकडे पाहत सुरुवात केली. दिवे खोटं बोलत नव्हते. आवाज आला की लागायचे, थांबला की विझायचे.

पहिलं कडवं. तीनदा एकेक दिवा, चौथ्यांदा सगळी रांग.

दुसरं. तिसरं. प्रत्येक चौथ्या ओळीला रांग उजळायची आणि माझ्या छातीवरचं ओझं जरा हलायचं. झोके मी काल मोजले नव्हते. कुठल्या कडव्यात, ते मला माहीत नव्हतं.

अर्धा पाठ झाला. घसा मोकळा होता. कुठे काही दुखत नव्हतं. फोन वाजला नाही, कुणी हाक मारली नाही.

आणखी एक कडवं. पहिली ओळ. एक दिवा.

दुसरी. एक दिवा.

तिसरी. एक दिवा.

चौथी ओळ मी डोळे मिटून, पूर्ण जोर लावून म्हटली. स्पष्ट, चढ्या सुरात, शेवटच्या अक्षरापर्यंत. ती माझ्या कानांत घुमली. मी न अडखळता पुढच्या कडव्यावर गेले. काही झालं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

डोळे पुसून मी दिव्यांकडे पाहिलं. ते विझलेले होते.

मी आणखी मोठ्यानं म्हणू लागले. घशावर हात ठेवला. तो हलत होता. ओळीमागून ओळ मला ऐकू येत होती. एकही दिवा लागत नव्हता.

मागे पाऊल वाजलं. रेडिओ उघड्या दारात उभी होती, अंगावर शाल, केस अजून विंचरायचे.

"ताई?" ती म्हणाली.

दिव्यांची रांग उजळली आणि विझली.

"का थांबलीस?"

पुन्हा सगळी रांग, टोकापर्यंत. आवाज भरदार होता, स्वच्छ, खोलीभर. तिच्या स्वतःच्या ते अजून ध्यानात आलं नव्हतं. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

मी थांबले नव्हते.