अंगठा न देणारी

पटो न पटो, हे घडलंय. मनस्वी आजही आईच्या गळ्याची शपथ घेऊन सांगते.

मागच्या दिवाळीआधीचा मंगळवार. भर दुपार. रबाळे एमआयडीसीतलं, जुन्या सिनेमांची रिळं स्कॅन करणारं छोटंसं ऑफिस.

मनस्वीचं माहेर जवळच्याच बोनकोडे गावात. सकाळीच भाऊ, कुंदन, बजावून गेला होता.

"उद्या हक्कसोडीवर सही कर. बहिनी करतातच, रीतच हाय. नायतर भाऊबीजेला दारात येऊ नको."

बापाच्या घरावरचा हक्क सोड, नाहीतर माहेर सोड. वा रे रीत!

धुमसतच तिने रीळ चढवलं. शंभर वर्षांपूर्वीचा दहा मिनिटांचा मूकपट. काल तपासताना तिने तो पाहिला होता. त्यातही तेच रडगाणं... भाऊ कागद पुढे करतो, बहीण मान खाली घालून अंगठा देते. मग पाटी येते, 'धन्य ती भगिनी!'

आज तो प्रसंग आला आणि मनस्वीचं डोकंच फिरलं.

"कसली धन्य? देऊ नको गं अंगठा!" ती स्क्रीनवर खेकसली.

बाईचा हात थांबला.

तिने मान वर केली... थेट मनस्वीकडे पाहिलं.

मनस्वीने रीळ पुन्हा पहिल्यापासून लावलं. भाऊ होता. कागद होता. शाईची डबी होती.

बाई नव्हती.

एकाही फ्रेममध्ये नव्हती.

मूकपटाला आवाज नसतो. तरी मनस्वीच्या खुर्चीमागे... बांगड्या किणकिणल्या.

मनस्वीच्या हातात साधं कडंही नसतं.

तिची पाचावर धारण बसली. पण राग भीतीहून मोठा होता. तिने तिथूनच कुंदनला फोन लावला.

"दादा, मी सही करनार नाय. आनि भाऊबीजेलापन येनार. घर माजंपन हाय."

पलीकडून कुंदन चाचरत म्हणाला,

"तुज्या बाजूला... कोन हसतंय?"

ऑफिसात दुसरं कोणीच नव्हतं.

भाऊबीजेला ती ओवाळणीचं ताट घेऊन गेली. एकटीच. कुंदनने तोंड फुगवून का होईना, दार उघडलं. आई, मालतीबाई, पाण्याचे दोन पेले घेऊन आली.

"दुसरा कोनाला गं आये?"

"तुज्यासंगती आलीय तिला. कवाची उभी हाय बिचारी, बसव की तिला."

मनस्वीने मागे वळून पाहिलं नाही. बांगड्या वाजतात, तेव्हा अजूनही पाहत नाही.

सहीसुद्धा अजून केलेली नाही.